जुन्या फियाटचं इंजिन बांधायचं, की गाडी भंगारात द्यायची?

मैत्रिणींनो, लोणच्याला बुरशी का येते, पावसाळ्यात गाद्या कशा सांभाळायच्या, दूधवाल्याचा हिशोब कसा ठेवायचा, असले विषय आपण या सदरात नेहमी घेतो. आज मात्र मी चक्क मोटारीच्या इंजिनाबद्दल लिहिणार आहे. थांबा, पान उलटू नका! हा विषय आपला नव्हे असं तुम्हाला वाटत असेल तर एवढंच विचारते, की इंजिनाच्या कामाला लागणारा पैसा शेवटी कुठल्या कपाटातून निघतो?

जुन्या घरात एखादं तरी यंत्र बंद पडून असतंच. कुणाकडे सासऱ्यांची फियाट, कुणाकडे दिरांची स्कूटर, वाडीवाल्यांकडे विहिरीवरचा डिझेल पंप. वर्षानुवर्षं त्यावर ताडपत्री असते. मग एखाद्या दिवाळीत सगळे जमले की विषय निघतो. निम्मे म्हणतात, "वडिलांची आठवण आहे, इंजिन बांधून घेऊ." उरलेले म्हणतात, "भंगारवाल्याला देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल." आणि गंमत अशी, की दोन्ही पक्षांतल्या एकानेही बॉनेट उघडून पाहिलेलं नसतं.

आमच्याकडे हा वाद झाला मामंजींच्या गाडीवरून. १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी; पण आमच्या डहाणूला तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. मामंजी गेल्यावर तीन वर्षं ती वाडीतल्या शेडमध्ये उभी होती. समुद्राची खारी हवा, त्यात चार महिन्यांचा पाऊस. इंजिन जाम झालं होतं. मुंबईच्या दिरांनी फोनवरून बजावलं, "बाबांची गाडी विकायची नाही." आमच्या ह्यांचंही तेच मत. पैसे मात्र निघणार होते सासूबाईंच्या मुदतठेवीतून. त्यांच्या एकटीच्या नावावर असलेली ती एकच ठेव.

सासूबाई गप्प होत्या. त्यांना गाडी नको होती असं मुळीच नाही. १९८७ साली मामंजींनी त्यांना याच गाडीवर शिकवलं होतं, आणि चिकूच्या पेट्या डिकीत घालून त्या एकट्या डहाणू रोड स्टेशनवर जायच्या. पण एका विधवा बाईच्या ठेवीवर बाकीच्यांनी आपापल्या आठवणींची हौस भागवून घ्यावी, हे मला पटेना. मी म्हटलं, आधी इंजिन उघडू, मापं घेऊ, आकडे आईंपुढे ठेवू. मग काय ते त्या ठरवतील. घरात थोडी कुरकुर झाली, पण कोणाला नाही म्हणता आलं नाही.

या गाडीबद्दल थोडं सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळजणींचं लग्नाआधीचं नाही तर आईबापांच्या लग्नातलं वाहन हेच असणार! वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी तयार होऊ लागली. पद्मिनी हे नाव तिला १९७४ साली मिळालं. त्या काळी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट पाहायची! २००० सालाच्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती त्यानंतरही धावत राहिली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले होते, आठवतं ना?

अमेरिकेत ज्यांना 'मसल कार' म्हणतात त्या १९६० नंतरच्या दांडग्या गाड्या लोक अशाच हौसेने पुन्हा उभ्या करतात. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओचं इंजिन जवळजवळ ६.४ लिटरचं, आठ सिलिंडरचं. आमच्या फियाटचं १०८९ घनसेंटिमीटरचं, म्हणजे त्याच्या सहाव्या हिश्शाएवढं. पण कामाचा क्रम सारखाच, आणि फसवणुकीच्या जागाही सारख्याच.

आता मुख्य गोष्ट. इंजिन जाम असेल तर कुणाला स्टार्टर मारू देऊ नका, गाडी ढकलून चालू करायला तर मुळीच नको. गंज चढलेल्या सिलिंडरात पिस्टन जोराने ओढला की उरलंसुरलं इंजिनही जातं. आम्ही गाडी टेम्पोवर चढवून तलासरीला नेली. तिथे हायवेलगत एक मिस्त्री आहेत. हल्ली ट्रक आणि पिकअपचं काम करतात, पण उमेदीची वर्षं मुंबईत टॅक्सीवाल्यांच्या फियाटी दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडलं आणि चार दिवस गाडीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी पुढून हँडल घालून अगदी हलक्या हाताने मागेपुढे केलं. करकर करत इंजिन फिरलं.

त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच "पूर्ण इंजिन गेलंय, जुनं दुसरं बसवून देतो" म्हणून सांगितलं होतं. असं कुणी सांगितलं तर त्याला एकच विचारा: "कॉम्प्रेशन पाहिलंत?" ही तपासणी अगदी सोपी आहे. प्लगच्या भोकात एक घड्याळासारखं मीटर लावतात, स्टार्टर फिरवतात, काटा कुठे जातो ते पाहतात. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. आमच्या तीन नंबरचा आकडा बाकीच्यांच्या निम्मा आला. मग मिस्त्रींनी त्या भोकात चमचाभर तेल घालून पुन्हा पाहिलं. तेल घातल्यावर आकडा वाढला तर रिंगा आणि सिलिंडर झिजलेत. नाही वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. आमचा वाढला. एवढं कळायला फार तर अर्धा तास लागतो, आणि 'पूर्ण इंजिन गेलंय' आणि 'रिंगांचं काम आहे' यांतला फरक हजारोंचा असतो.

गाडी चालू असेल तर धुराचा रंगही पाहत जा. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खातंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, ते बहुधा कार्ब्युरेटरचं काम, इंजिन उघडायची गरज नाही. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ दिसतो तो सोडून द्या. तापल्यावरही येत राहिला तर पाणी आत शिरतंय, हेडचं पॅकिंग पाहायला हवं. स्कूटरीचा आणि वाडीतल्या पंपाचा धूरही असाच काहीतरी सांगत असतो.

मिस्त्रींशी मी कामाचे दोन भाग ठरवून घेतले. पहिला, इंजिन खाली उतरवून उघडायचं, धुवायचं, मापं घ्यायची. त्याची मजुरी ४,००० रुपये. मापं पाहून नको म्हटलं तर तेवढे देऊन मोकळं व्हायचं. दुसरा भाग, आम्ही हो म्हटलं तरच. मिस्त्री जरा चकित झाले, म्हणाले, "बेन, असं तर कोनी बोलत नाय." पण कबूल झाले. तुम्ही अशा कामात फक्त ही एक अट घातलीत तरी निम्मी काळजी मिटते. कारण एकदा इंजिनाचे शंभर तुकडे दुसऱ्याच्या शेडमध्ये पसरले, की मग तो सांगेल तो भाव.

उघडायच्या दिवशी मी आणि सासूबाई दोघी गेलो. शाळा मला आठवड्यातून तीनच दिवस असते, त्यामुळे जमलं. बायकांचं तिथे काय काम, असं चहावाल्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, असो. मी घरून मिठाईचे रिकामे खोके, चिकटपट्टी आणि मार्कर नेला होता. सुटणाऱ्या प्रत्येक वायरीला चिठ्ठी, प्रत्येक भागाच्या बोल्टना वेगळा खोका. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या लांब सळ्यांसाठी पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून १ ते ८ आकडे घातले. हे फुकटचं सोवळं नव्हे हं! ज्या सळीने, ज्या बेअरिंगच्या टोपीने वर्षानुवर्षं ज्या जागी काम केलं, ती तिथेच परत जावी लागते. अदलाबदल झाली की नवीन इंजिनही खडखडतं.

बॅटरी सुटली, पाणी आणि तेल काढलं, बॉनेट आणि रेडिएटर बाजूला झाले. गिअरबॉक्सखाली जॅक लावला आणि साखळीच्या कप्पीने इंजिन अलगद वर आलं. सासूबाई म्हणाल्या, "एवढंसंच असतं होय!" खरंच, एरवी आपण बॉनेटखाली काहीतरी अगाध आहे असं समजून चालतो.

हेड उघडल्यावर मिस्त्रींनी पिस्टनचा माथा पुसला. त्यावर बारीक अक्षरात एक आकडा कोरलेला होता, ०.४. म्हणजे हे इंजिन पूर्वी एकदा रिबोअर झालं होतं. सासूबाईंना लगेच आठवलं, मामंजींनी एकदा गाडी महिनाभर मुंबईला ठेवली होती!

रिबोअर म्हणजे काय ते सांगते. सिलिंडर हे लोखंडात कोरलेलं गुळगुळीत भोक. पिस्टन (शाळेच्या पुस्तकात आपण त्याला दट्ट्या म्हणायचो) त्यात वरखाली होतो. वर जिथे स्फोट होतो तिथे झीज जास्त, खाली कमी; त्यामुळे भोक हळूहळू नरसाळ्यासारखं होतं, शिवाय थोडं लंबगोल. मग ते मशीनवर सगळीकडून सारखं मोठं करतात आणि तेवढ्या मापाचा जाड पिस्टन घालतात. फियाटचं मूळ भोक ६८ मिलिमीटरचं, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटरची. वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र आठवत असेल तर चार सिलिंडरांचं गणित करून पाहा, बरोबर १०८९ येतं. मी आठवीच्या मुलांना हे उदाहरण घातलं, तर एरवी गणित म्हटलं की खाली बघणारी मुलंसुद्धा हात वर करायला लागली!

आमचं भोक आधीच ६८.४ झालेलं. आता मिस्त्रींनी प्रत्येक सिलिंडरात वर, मध्ये, खाली, आणि तेही आडवं-उभं असं माप घेतलं. मी वहीत लिहून घेत होते. तीन नंबरला वर ६८.५२, खाली ६८.४२. फरक दशांश मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढा. पण तेवढ्याने रिंगांच्या बाजूने तेल वर येतं. आता ०.६ चा पिस्टन घालायचा, म्हणजे ६८.६ चं भोक करायचं. भिंतीत तेवढं लोखंड शिल्लक होतं. त्याने इंजिन मूळ मापापेक्षा सुमारे २० घनसेंटिमीटरने मोठं होणार होतं, म्हणजे ताकदीच्या दृष्टीने काहीच नाही. "रिबोअर केलं की गाडी पळते" असं कुणी म्हणालं तर ती नव्या रिंगांची किमया.

दुसरं माप क्रँकशाफ्टचं. हे इंजिनाचं कणखर हाड. ते लंबगोल झालं असेल तर घासून पुन्हा गोल करता येतं आणि त्या मापाची बेअरिंगं मिळतात. पण त्याला तडा असेल तर विषय संपला. तडा डोळ्यांना दिसत नाही. आमच्या डहाणू तालुक्याला केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केलं, त्यामुळे इथे कारखान्यांवर बंधनं आहेत, आणि आम्ही त्याबद्दल समाधानी आहोत. पण असल्या कामाला मग वापी गाठावी लागते. ब्लॉक, हेड आणि क्रँक वापीच्या मशीनशॉपमध्ये गेले. त्यांनी क्रँक चुंबकाने तपासला. तडा नव्हता. हेडचा पृष्ठभाग मात्र किंचित वाकला होता. त्यावर सरळ पट्टी उभी धरली तर मधून उजेड दिसत होता. तोही घासून सपाट होण्यासारखा होता.

ही मापं आणि मिस्त्रींचा ४५,००० रुपयांचा अंदाज मी एका कागदावर लिहून सासूबाईंपुढे ठेवला. शेजारी भंगारवाल्याने सांगितलेली रक्कमही लिहिली. माझी आई घर बांधताना म्हणायची, कुठल्याही अंदाजावर तिसरा हिस्सा चढवून मगच हो म्हणावं. म्हणून खाली ६०,००० लिहिले. सासूबाईंनी कागद दोन दिवस देवघराच्या फळीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "करू. पण गाडी माझ्या नावावर करायची." दिरांना हे कळवलं तेव्हा पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "हो, हो, आईचीच की ती." पुढच्या आठवड्यात त्यांनी १०,००० रुपये पाठवले. न मागता! हा पैसा सासूबाईंनी घेतला नाही, ती गोष्ट वेगळी.

मध्येच एक सल्ला बाहेरून आला, की पेट्रोल इंजिन कशाला, दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन टाका, स्वस्तात जाते. असं पुष्कळांनी केलेलं आहे. कंपन्याही करतात; हिंदुस्तान मोटर्सची ऐटबाज कॉन्टेसा १९८४ साली आली तेव्हा तिच्यात अँबेसेडरचंच इंजिन होतं, शरीर पैलवानाचं आणि दम म्हाताऱ्याचा, म्हणून पुढे तिला इसुझूचं इंजिन दिलं. पण कंपनीने करणं आणि आपण करणं यांत फरक आहे. नोंदणीच्या पुस्तकात इंजिनाचा नंबर असतो. इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते, इंधनाचा प्रकार बदलला तर आणखी कागद. नोंद नसलेलं इंजिन असलेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी काय करील याचा विचार करा. शिवाय त्या 'स्वस्त' जुन्या इंजिनाच्या आत काय आहे ते कुणी मोजलेलं असतं? आपलं इंजिन निदान आपल्या डोळ्यांदेखत उघडलेलं असतं.

सुटे भाग आणायला हे आणि मिस्त्री कुर्ल्याला गेले. जिथे ही गाडी जन्मली त्याच गावी तिचे जुने भाग शोधायचे! डहाणू लोकलने दादर, तिथून गाडी बदलून कुर्ला. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह, टायमिंगची साखळी, पॅकिंगचा संच. मी बजावून पाठवलं होतं, की इंजिनाच्या आतलं काही वापरलेलं घ्यायचं नाही. बाहेरचं, म्हणजे दाराचं हँडल, दिव्याची काच वगैरे जुनं चालेल. आणि उतरलेले जुने भाग मिस्त्रींकडून परत मागून घ्या. मोलाचे म्हणून नाही. बदलले म्हणून सांगितले ते खरंच बदलले का, एवढं समजायला.

एक गोष्ट मिस्त्रींनी आपणहून सांगितली. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगणासारखं उपयोगी पडायचं. २००० साली देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं, फार चांगलं झालं, पण जुन्या इंजिनांच्या बैठकी लवकर झिजू लागल्या. म्हणून हेडचं काम निघालंच आहे तर कडक धातूच्या बैठकी बसवून घ्यायच्या. आणि आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, नळ्या फुगतात, चिरतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. त्यामुळे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घातल्या. तुमची गाडी जुनी असेल आणि इंजिन उत्तम चालत असेल, तरी या नळ्या तेवढ्या या महिन्यातच पाहून घ्या.

इंजिन बांधणं हे काम मला पापड लाटण्यासारखं वाटलं, सगळी मदार स्वच्छतेवर. मशीनशॉपमधून आलेल्या ब्लॉकात लोखंडाचा बारीक कीस असतो. तो नुसता पुसून जात नाही. तेलाच्या बारीक वाटांतून तार फिरवून, रॉकेल मारून, हवा मारून काढावा लागतो. मिस्त्रींनी शेवटी पांढरं फडकं आतून फिरवून मला दाखवलं. मग प्रत्येक बेअरिंगला तेल लावून क्रँक बसवला आणि हाताने फिरवून पाहिला. एकेक टोपी घट्ट केली की पुन्हा फिरवायचा. जिथे जड जाईल तिथे थांबायचं. रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर तेलाला वर यायला सरळ जिनाच मिळतो. टायमिंगच्या साखळीच्या खुणा जुळवल्या. हेडचे नट मधून बाहेर, थोडेथोडे, तीन फेऱ्यांत आणि मोजणीच्या पान्यानेच आवळले. असा पाना मिस्त्रींकडे आहे का, हे काम द्यायच्या आधी जरूर बघा. नुसत्या हाताच्या अंदाजावर हेड आवळणारा कारागीर कितीही नामांकित असो, मी त्याला नमस्कार करीन आणि पुढे जाईन.

इंजिन परत बसवताना घाई सगळ्यात महाग पडते. क्लचची चकती आधी डमी शाफ्ट घालून मधोमध धरावी लागते, म्हणजे गिअरबॉक्सचा दांडा सरळ आत जातो. नाही गेला तर इंजिनाचं वजन त्या दांड्यावर टेकवून ढकलायचं नाही, चकती वाकते. मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा ढकलायला लागला तेव्हा त्यांनी त्याला वारलीत काहीतरी जोरात सुनावलं आणि इंजिन पुन्हा वर घेतलं. दुसऱ्यांदा कट्ट आवाज होऊन नीट बसलं. खालचे रबराचे माउंटिंग नवे घातले. वायरींच्या चिठ्ठ्या कामाला आल्या. एका वायरीची गळून पडली होती, तर पोराला ती ठाऊक होती.

चालू करण्याआधी प्लग काढूनच स्टार्टर फिरवला, तेलाच्या दाबाचा लाल दिवा विझेपर्यंत. म्हणजे कोरड्या बेअरिंगवर इंजिन चालत नाही. मग प्लग घातले. तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पदराने चष्मा पुसत होत्या. मिस्त्रींचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच, ते खाली वाकून तेल कुठे गळतंय का ते पाहत होते.

आता आमचा हिशोब. हे दरपत्रक नव्हे, तुमच्या गावी वेगळे आकडे येतील. मशीनशॉप १३,८००. इंजिनाचे भाग २१,४००. क्लच आणि माउंटिंग ६,२००. रेडिएटर आणि नळ्या ३,९००. तेल, रॉकेल, किरकोळ २,७००. मिस्त्रींची मजुरी, पहिले ४,००० धरून, १२,५००. एकूण ६०,५००. मूळ अंदाजात क्लच, माउंटिंग, रेडिएटर काहीच नव्हतं, आणि मिस्त्रींनी लबाडी केली असंही नाही. त्यांना विचारलं होतं 'इंजिनाचं', त्यांनी सांगितलं इंजिनाचं. म्हणून विचारताना असं विचारा: "गाडी माझ्या दारात चालत येईपर्यंत किती?"

कागदांचं थोडक्यात. गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर वारसाच्या नावे करायला आरटीओचा नमुना ३१ असतो. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती लागते. खासगी गाडीची १५ वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्याआधी तपासणी. २० वर्षांवरच्या मोटारीसाठी हे शुल्क २०२५ मध्ये १०,००० रुपये झालं, वर पर्यावरण कर. इंजिनाला हात लावण्याआधी हे पैसे हिशोबात धरा, नाहीतर चालती गाडी दारात आणि रस्त्यावर न्यायची सोय नाही! भंगारात द्यायची ठरली तर नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्या आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद घ्या. नुसती ओळखीच्या भंगारवाल्याला दिली तर नंबर तुमच्या घरावर जिवंत राहतो.

नव्या इंजिनाचे पहिले ५०० किलोमीटर म्हणजे बाळंतिणीचा सव्वा महिना. पूर्वी मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पट्टी लावायचे, आठवतं? वेग ताशी ५० च्या आसपास, पण एकाच वेगाने तासन्‌तास नको, कमीजास्त करत राहायचं. वरच्या गिअरमध्ये चढावर कुंथायला लावायचं नाही. गाडीत सगळं बिऱ्हाड भरून महालक्ष्मीच्या यात्रेला निघायचं नाही. सकाळी चालू केल्यावर उभ्या गाडीत गरम करत बसण्यापेक्षा हळू चालवलेली बरी. रोज सकाळी तेलाची काडी आणि पाणी पाहायचं, आणि वहीत लिहायचं. ५०० ला तेल बदलायचं, हेडचे नट पुन्हा तपासायचे, टॅपेट पाहायचे.

सासूबाई आठवड्यातून दोनदा डहाणूहून घोलवडपर्यंत जाऊन येतात, समुद्राच्या बाजूच्या रस्त्याने. आमच्या गाडीचं तेल ५१२ किलोमीटरला बदललं. काढलेल्या तेलात चुंबक फिरवून पाहायचा असतो. राखाडी मऊ चिखल चिकटला तर ठीक, चमकत्या किसाचे तुकडे आले तर लगेच थांबायचं. चुंबक सासूबाईंनीच फिरवला. चिखल होता, तुकडा एकही नव्हता. मिस्त्रींनी नवीन तेल भरून वहीत तारीख घातली आणि पुढचा आकडा लिहिला, २,०००.